नळीवाले भाऊजी

माझे धाकटे दीर पुरुषांच्या नळ्या बसवतात. माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी हे ऐकून मोठ्या आदराने विचारलं होतं, "सर्जन आहेत का?" सर्जन कसले! शाळा-कॉलेजांना लागणारी शरीराची मॉडेलं बनवण्याच्या कारखान्यात ते कामाला आहेत. तिथे कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. जो जे बनवतो तेच त्याचं नाव. डोळेवाला, आतडीवाला, दातवाल्या बाई, आणि आमचे भाऊजी नळीवाले. एक हृदयवालाही आहे, पण त्याच्याइतका कोरडा माणूस मी दुसरा बघितला नाही.

कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. एका अंगाला रबरी साचे, दुसऱ्या अंगाला रंगाची टेबलं आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. ती केसांत, भुवयांत जाऊन बसते, त्यामुळे तिथून घरी निघालेला प्रत्येक माणूस म्हातारा दिसतो. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तर फळीवर ओळीने कान वाळत ठेवलेले. मला उगाचच हळू बोलावंसं वाटलं.

पुरुषाचं मॉडेल म्हणजे कमरेखालचा भाग मधोमध उभा चिरून आतलं सगळं उघडं केलेलं. मूत्राशय, त्याच्याखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेटची गाठ, पुढे शिश्न, खाली पिशवीत वृषण. हे सगळं साच्यातून एका दमात निघतं. निघत नाही ती फक्त शुक्रवाहिनी. ती इतकी बारीक की प्लास्टरची केली तर नुसत्या फुंकरीने तुटायची. म्हणून मॉडेलमध्ये तिच्यासाठी एक खाच ठेवतात आणि नळी वेगळी करून त्या खाचेत बसवतात. तांब्याची मऊ तार घ्यायची, तिच्यावर सुती दोरा अगदी चिकटून चिकटून गुंडाळायचा, डिंकात बुडवून वाळवायची, फिकट पिवळा रंग द्यायचा आणि चिमट्याने खाचेत दाबायची. हे काम भाऊजींचं. प्रवासात नळी निघाली किंवा एखाद्या वात्रट पोराने उपटली, तर मॉडेल परत येतं आणि भाऊजी दुसरी बसवून देतात. चहा निवायच्या आत होणारं काम. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

दोरा गुंडाळायचं काम ते घरी आणत. संध्याकाळी ते आणि धाकटी, म्हणजे माझी जाऊ, खिडकीपाशी समोरासमोर बसत. ते तार ताणून धरत आणि ती दोरा फिरवी. बोलणं फारसं नाही. मध्येच ती काहीतरी पुटपुटे आणि भाऊजी एवढे हसत की तार सैल पडे, मग ती रागावे. मला खरं सांगायचं तर त्यांचा हेवा वाटायचा. आमच्याकडे नवरा-बायकोने मिळून करायचं काम एकच, भांडण.

सासूबाईंना ते मॉडेल घरात आलेलं खपत नसे. दुरुस्तीसाठी एखादं आलं की त्या लगेच त्यावर टॉवेल टाकत. एकदा एका पाहुण्यांनी विचारलं, "पोपट पाळलाय का?" तर सासूबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, "शिवणयंत्र आहे." खरं शिवणयंत्र पलीकडे उघडंच होतं. त्याच यंत्रावर लोकांचे कपडे शिवून त्यांनी एकटीने दोन मुलगे वाढवले होते, त्यामुळे घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. मीही बोलायची, पण भांड्यांच्या आवाजात.

टॉवेलखालचं ते प्रकरण मलाही नीट कळत नव्हतं. दोन मुलं झाली तरी कळत नव्हतं. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी विचारलंच.

"भाऊजी, ही तुमची नळी जाते तरी कुठे?"

त्यांचे कान लाल झाले. भिंतीकडे बघत त्यांनी सांगितलं, "वहिनी, शुक्राणू तयार होतात वृषणात. त्यांना पोटातली ऊब सोसत नाही, म्हणून वृषण बाहेर टांगलेले. मागे ही गुंडाळी दिसते ना, तिथे ते थोडे दिवस राहतात, पोहायला तयार होतात. मग नळी त्यांना वर नेते. पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते, मागून खाली उतरते. तिथे मूत्राशयामागच्या या छोट्या पिशवीतला रस मिसळतो, मग प्रोस्टेटमधला, आणि मग लघवीच्या वाटेने बाहेर."

"म्हणजे खालून निघायचं, वर जायचं आणि परत खालीच यायचं? हा कुठला द्राविडी प्राणायाम?"

"आहे खरं तसं," ते हसले. "आणि एवढं करून बाहेर येतं त्यात शुक्राणू चिमूटभर. बाकी सगळा रसच. ते नसले तरी नुसत्या डोळ्यांनी कुणाला कळणार नाही."

हे त्यांनीच सांगितलं, त्यांच्याच तोंडाने. आणि बोलता बोलता चिमट्याने नळी खाचेत दाबली.

धाकटीला मूल नव्हतं. आमच्या घरात या गोष्टीचा अर्थ एकच लागायचा. दर महिन्याला तिचा चेहरा उतरला की सासूबाई चौकशी सुरू करत. "परवा बादली उचललीस का? थंड पाणी प्यालीस? शिळं खाल्लंस? जिना किती वेळा चढलीस?" आणि शेवटी, "आमच्या मुलात काही कमी नाही. जमिनीतच ओल नसेल तर बियाणाने काय करावं?" त्या दुष्ट नव्हत्या हो. स्वतःच्या वाट्याचं दूध तिच्या पुढ्यात ठेवत आणि तेवढ्यातच हे बोलत. धाकटी दूधही पिई आणि बोलणंही गिळे.

किती डॉक्टर झाले! तिच्या नळ्या उघड्या आहेत की बंद हे बघायला औषध आत सोडून फोटो काढले. इंजेक्शनं झाली, पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली, कुणीतरी सांगितलेली कडू पूड झाली. दर वेळी डॉक्टर म्हणत, नवऱ्यालाही तपासू. दर वेळी सासूबाई खुर्चीवरून उठत. "माझा मुलगा धडधाकट आहे. सगळं व्यवस्थित आहे त्याचं, सुनेला विचारा." सून बिचारी काय सांगणार? व्यवस्थित होतंच. पुरुषपण आणि मूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि भाऊजी मान खाली घालून बसत. माझा राग सासूबाईंवर होताच, पण त्याहून जास्त त्या खाली घातलेल्या मानेवर होता.

मग सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि त्यांना काही दिवस घराबाहेर पडता येईना. धाकटीने तेवढ्यात नवा डॉक्टर गाठला. जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे म्हातारे गृहस्थ. तिच्या कागदांचा गठ्ठा बाजूला सारून ते म्हणाले, "नवऱ्याला तपासल्याशिवाय मी या मुलीला हात लावणार नाही." सासूबाई नव्हत्या, त्यामुळे खुर्चीवरून उठायला कुणीच नव्हतं.

भाऊजींना एक बाटली देऊन न्हाणीघराएवढ्या खोलीत पाठवलं. बाहेरून झाडूवाला दर थोड्या वेळाने कडी वाजवी, "झालं का? फरशी पुसायचीय." अशा परिस्थितीत माणूस रडेल नाहीतर हसेल. भाऊजींनी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. बाटलीत एकही शुक्राणू सापडला नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा नाही. मग डॉक्टरांनी त्यांना पलंगावर झोपवलं आणि दोन बोटांत धरून बराच वेळ काहीतरी शोधलं.

पुढचं मला धाकटीने सांगितलं, दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना, आधी माझ्याकडून शपथ घेऊन. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवाहिनी बोटांना लागते, ताठ दोऱ्यासारखी. तुमच्यात ती नाही. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. जन्मापासूनच नाही. वृषण चांगले आहेत, आत शुक्राणू तयार होत असणार. त्यांना बाहेर यायला वाट नाही एवढंच."

आणि भाऊजींचा चेहरा उजळला, ताई, ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं.

"नळीच ना?" ते म्हणाले. "मग बसवता येईल की!"

डॉक्टरांना कळेना. मग भाऊजींनी सगळं समजावून सांगितलं. कारखाना, खाच, तार, दोरा. आमच्याकडेही ती मुळात नसतेच, मागाहूनच बसवतात, काही अडचण येत नाही. तार शरीराला चालणार नाही हे मला कळतं, पण तुमच्याकडे चालणारं दुसरं काहीतरी असेल. बोटं ताणून त्यांनी लांबीसुद्धा दाखवली.

डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे पाय धरीन. ते म्हणाले, "ज्याची नसबंदी झाली, त्याच्या नळीची कापलेली टोकं आम्ही जोडू शकतो. तुमच्याकडे टोकंच नाहीत. आणि ती नुसती वाट नसते. आतलं भोक केसाएवढं आणि भोवती जाड स्नायू. ती आकुंचन पावते, आतलं पुढे ढकलते. अशी नळी अजून कुणाला बनवता आलेली नाही."

भाऊजी दारापर्यंत गेले आणि परत वळले. "एका बाजूची तरी?" त्यांनी विचारलं.

एक उपाय होता. सुईने वृषणातून शुक्राणू काढायचे, धाकटीच्या शरीरातून बीजं काढायची, काचेच्या ताटलीत एकेका बीजात एकेक शुक्राणू सोडायचा आणि गर्भ झाला तर आत ठेवायचा. पण धाकटीचं वय उताराला लागलेलं, बीजं थोडीच उरलेली. "थोडं आधी आला असतात तर," असं बोलून गेल्यावर डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या वळशात माझ्या जावेची सगळी उमेद गेली, आणि कळसा ज्यांच्या काखेत होता ते रोज संध्याकाळी तिच्यासमोरच बसून तार ताणत होते.

घरी येताना भाऊजी तिला म्हणाले, "आईला सांगू नकोस." डॉक्टरांनी कारणही सांगितलं होतं. हे पोटातच होतं, आईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं त्याच सुमाराला. पुष्कळदा थोडं आईकडून आणि थोडं वडिलांकडून आलेलं असतं, त्या दोघांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. कुणाची चूक नसते. पण भाऊजींनी त्यातलं एवढंच धरून ठेवलं, की हे आईच्या पोटात झालं. "तिने आयुष्यभर आमच्यासाठी यंत्र चालवलं," ते म्हणाले. "तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि धाकटी हो म्हणाली! मी तिला म्हटलं, तू बाई आहेस की पायपुसणं? ती घड्या घालत राहिली. मला ओरडून सगळ्या गल्लीला सांगावंसं वाटत होतं, पण शपथ घालून बसली होती.

तेव्हा उपचार झाले ते तिच्या नावावर. सुई भाऊजींनाही टोचली होती. ते पाय फाकून चालत घरी आले आणि आईला म्हणाले, साचा उचलताना कंबर लचकली. सासूबाईंनी कंबरेला शेक दिला. एकच गर्भ तयार झाला, तो आत ठेवला. त्या दिवसांत सासूबाईंनी धाकटीला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. भाऊजी कारखान्यातून आले की तिच्या उशाशी बसत आणि एकट्याने दोरा गुंडाळत. एकट्याने ते नीट होत नाही. तारेचं एक टोक त्यांनी दाताखाली धरलेलं असे.

मग एके सकाळी धाकटी न्हाणीघरातून बाहेर आली आणि तिने स्वतःच भरलेली बादली उचलली. काही सांगायची गरज उरली नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा नको, हाती काही लागणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चहाच्या वेळी सगळे बसलेलो असताना सासूबाई बोलल्या. आवाजात राग नव्हता. रिकामा सिलिंडर बदलायचं सांगावं तशा म्हणाल्या, "एवढं करूनही तिच्याच्याने झालं नाही. पुरे आता. तिला माहेरी जाऊ दे. धाकट्या, तुझं वय अजून गेलेलं नाही. दुसरी बघू."

धाकटी उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं, मग बॅगेची चेन. माझे यजमान पेपरात असे घुसले की जणू आतच राहायला जाणार होते. भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला राहवेना.

"भाऊजी, तोंडात काय प्लास्टर भरलंय का?"

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. पळाले, मी मनात म्हटलं. असल्या वेळी पुरुषांच्या चपला बऱ्या जागेवर सापडतात.

धाकटी बॅग घेऊन दाराशी येऊन उभी राहिली तेवढ्यात ते परत आले. बगलेत एक कोरं मॉडेल होतं. कागदात गुंडाळलेलं नाही, झाकलेलं नाही, भर रस्त्यातून तसंच आणलेलं. त्यांनी ते चहाच्या कपांमध्ये टेबलावर ठेवलं. रंग झाला होता. खाच रिकामी होती.

"आई, इकडे बघ."

सासूबाईंचा हात आधी टॉवेलकडे गेला. मग त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "याची नळी कुठाय? बसव की." इतकी वर्षं टॉवेल टाकणाऱ्या बाईला काय कुठे असतं हे नेमकं ठाऊक होतं!

"आई, हा मी आहे," भाऊजी म्हणाले. त्यांनी रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं. "ही नळी माझ्यात नाही. जन्मापासून नाही. हिच्यात काही दोष नाही, आई. कधीच नव्हता. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

सासूबाईंनी चष्मा लावला. पुढे वाकून त्या खाचेतून बोट फिरवलं, खालपासून वर, मूत्राशयाच्या मागून परत खाली.

"तू रोज बसवतोस ना?"

"बसवतो. माझ्यात नाही बसवता येत."

"डॉक्टरला विचारलंस?"

"विचारलं."

"जन्मापासून," त्या म्हणाल्या, आणि बोट तिथेच थांबलं. "म्हणजे माझ्या पोटात."

भाऊजींना आता आणखी खोटं बोलवेना. त्यांनी "तसं नाही गं" म्हणायला तोंड उघडलं, पण तसंच होतं. ते आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. धाकटीने बॅग खाली ठेवली, पण ती दाराशीच उभी राहिली. मी ती बॅग उचलली आणि आतल्या कपड्यांसकट माळ्यावर फेकून दिली.

दुसरीचा विषय पुन्हा निघाला नाही. ते मॉडेल भाऊजींनी कारखान्यात परत नेलं नाही, ते फळीवर आहे आणि त्यावर टॉवेल नाही. पण सासूबाई खचल्या. दुपारी मी भांडी घासायला बसले की शेजारी येऊन बसत. "याच्या वेळी मला ताप आला होता गं. गोळी घेतली होती. त्याने झालं असेल का?" दुसऱ्या दिवशी, "मी पायाने यंत्र चालवत होते, दिवसदिवस. पोटाला हिसके बसले असतील." मग, "थंड पाणी प्यायची मी. बादल्या उचलायची." मी सांगे, अहो, डॉक्टर म्हणाले कुणाची चूक नसते. त्यांना पटत नसे. उद्या पुन्हा तीच चौकशी, आता स्वतःचीच.

धाकटीची क्षमा मात्र त्यांनी मागितली नाही. मी वाट बघत होते. मला ती ऐकायची होती, खोटं कशाला बोलू? मला त्यांचं नाक घासलेलं बघायचं होतं.

यंदा त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. औषध घालायचं काम धाकटीकडे आहे. परवा संध्याकाळी मी वाळलेले कपडे घेऊन आले, तेव्हा सासूबाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडव्या होत्या. खिडकीपाशी भाऊजी तार घेऊन तिची वाट बघत बसले होते.

"मी बादली उचलायची गं तेव्हा," सासूबाई तिला म्हणाल्या. तिला पहिल्यांदाच. "भरलेली. त्यानेच झालं असेल का?"

मी दाराशी थबकले. आता दे, मी मनात म्हटलं. सगळ्या वर्षांच्या सगळ्या बादल्या ओत एकदाच.

धाकटीने बोटाने त्यांची पापणी वर धरली. मग ती म्हणाली, "नाही, आई. तुम्ही काही केलं नाहीत. असं होतं कधी कधी. डोळा मिटू नका."

'तू काही केलं नाहीस' असं या घरात तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. खिडकीपाशी भाऊजींच्या हातातली तार सैल पडली होती. सासूबाईंच्या डोळ्यात औषध ठरेना, सारखं वाहून बाहेर येत होतं. धाकटीने पदराने ते टिपलं आणि पुन्हा घातलं.